पाटकऱ्याची अठ्ठावीस इंची

दादांची सायकल गोठ्यातून बाहेर काढली त्या दिवशी ती ढकलता येईना, उचलूनच आणावी लागली. दोन्ही टायर रिमला चिकटून बसलेले, मागचं चाक जागचं हलत नव्हतं, चेन सळईसारखी ताठ. सीटखालच्या नळीच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. सोळा वर्षं ती कडब्याच्या पेंढ्यांआड उभी होती. अंगणातल्या लिंबाखाली आणून टेकवली तेव्हा आई म्हणाली, "मंगळवारी भंगारवाला येतो." दादा बाजेवर बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी मान वळवून मागच्या चाकाकडं बघितलं आणि बघतच राहिले. मंगळवारी भंगारवाला आला तेव्हा मी त्याला रिकामे पत्र्याचे डबे दिले.

दादा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. १९७६ साली जायकवाडीचं उद्घाटन झालं आणि पैठणपासून निघालेला २०८ किलोमीटरचा डावा कालवा जालना, परभणी असं करत आमच्या पाथरी-मानवत भागात पाणी घेऊन आला. कालवा आला तसे पाटकरीही आले. पाण्याची पाळी सुटली की कुठल्या चारीला किती वेळ पाणी, कुणाचं दार उघडायचं, कुणाचं बंद करायचं, हे सगळं त्यांच्या अंगावर. रात्री दोन वाजता पाणी फुटल्याचा निरोप आला तरी निघायचं. ही काळी हर्क्युलस त्यांनी १९८१ मध्ये घेतली आणि निवृत्त होईपर्यंत कालव्याच्या भरावावरून चालवली. मी चौथीत असताना हिच्यावरच कैची शिकले. दांडीखालून उजवा पाय घालून, अंग बाहेर झोकून, अर्धं पायडल मारत. सीटवर बसून पाय पुरायला मला सातवी उजाडली.

मी शिक्षिका आहे. हातात पाना धरण्याचा अनुभव म्हणजे गॅसची नळी बदलण्यापुरता. उन्हाळ्याची सुट्टी नुकतीच लागली होती, परभणीचं ऊन त्रेचाळीसला टेकलं होतं आणि सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी पाच ते सात एवढाच वेळ अंगणात बसता येत होतं. त्या वेळात जमेल तेवढं करायचं ठरवलं.

पहिले दोन दिवस मी फक्त बघितलं आणि मोबाइलवर फोटो काढले. ते दोन दिवस वाया गेले नाहीत. गंज सगळीकडं सारखा नव्हता. वरची दांडी, हँडलची उभी नळी, चेनकव्हरचा वरचा भाग यांवर धूळ आणि जुन्या तेलाचा जाड, चिकट थर होता. तो डिझेलच्या फडक्यानं पुसला तर खाली काळा रंग जिवंत निघाला, सोनेरी रेघांसकट. खालचा भाग मात्र पार खाल्लेला. मागच्या चाकाला धरणाऱ्या नळ्या, स्टँड, दोन्ही मडगार्डांची आतली बाजू. गोठ्यात जनावरांच्या मुताची ओल जमिनीतून वर येत राहते आणि त्यातला खार लोखंड खातो. मडगार्डच्या आत तर कालव्याचा चिखल वाळून पापडासारखा बसलेला होता. प्रत्येक पावसाळ्यात तो ओल धरायचा आणि उन्हाळाभर सोडायचा नाही. जिथं चिखल तिथं भोकं. जिथं तेलकट मळ तिथं लोखंड शाबूत. सायकल दर आठवड्याला चकाचक धुणाऱ्यापेक्षा महिन्यातून एकदा तेलाचं फडकं फिरवणाऱ्याची जास्त टिकते, हे मला त्या दोन दिवसांत पटलं.

तिसऱ्या दिवशी चूक केली. हार्डवेअरच्या दुकानातून ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर आणला आणि जिथं तांबूस दिसेल तिथं घासायला सुरुवात केली. ऐंशी नंबर म्हणजे फार खरबरीत. गंजाबरोबर शेजारचा चांगला रंगही निघायला लागला आणि सीटच्या नळीवरची एक सोनेरी रेघ बोटभर लांबीची पुसली गेली. ती रेघ कारखान्यात कुणी तरी ब्रशनं हातानं ओढलेली होती. ती परत येत नाही. मग वरच्या दांडीकडं वळले. तिथं मधोमध वीतभर पट्ट्यात रंग अजिबात नव्हता, नुसतं लोखंड, त्यावर हलका गंज. तिथं चार हात मारले असतील, तेवढ्यात बाजेवरून दादांचा आवाज आला.

"तिथं काय घासायलीस?"

"गंज आहे दादा."

"गंज न्हाई ते. फावडं हाय."

फावडं दांडीला बांधून ते रोज निघायचे. दांड्यानं घासून घासून तिथला रंग गेला होता. मी पेपर खाली ठेवला. ही सायकल नवी करायची नाही, हे त्या दिवशी ठरलं. चालती करायची, गंज थांबवायचा आणि जे दादांच्या वापरानं झालंय त्याला हात लावायचा नाही.

पण चालती करायची म्हणजे उघडायला हवी आणि उघडायला येत नव्हतं. पाथरीत बाजाराच्या कोपऱ्यावर एक चाचा आहेत. दादांची पंक्चरं त्यांच्या वडिलांनी आणि पुढं त्यांनी काढलेली. आता हात थरथरतात, पण दुकान रोज उघडतात. त्यांना मी सायकल तशीच टेम्पोत घालून नेऊन दाखवली. त्यांनी बिल्ल्यावरून अंगठा फिरवला, पायडल हलवून बघितलं आणि म्हणाले, "मैं नै करता. तू कर. मी सांगतो." मग त्यांनी मला एक जुना डमरूसारखा सायकल पाना दिला, ज्याला दोन्ही टोकांना वेगवेगळ्या मापाची भोकं असतात. जुन्या सायकलींचे नट इंचाच्या मापाचे. आपल्याकडचे मिलिमीटरचे पाने त्यांना जवळजवळ बसतात, आणि जवळजवळ बसणारा पाना नटाचे कोपरे गोल करून टाकतो. एकदा नट गोल झाला की छिन्नी लावावी लागते. हे त्यांनी सांगितलं नसतं तर मी निम्मे नट खराब केले असते.

रॉकेल आता मिळत नाही, म्हणून डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून प्रत्येक नटाच्या मुळाशी सोडलं. रात्रभर ठेवलं. सकाळी पाना लावला, हलला नाही तर परत तेल, परत रात्र. "ताकत नक्को," चाचा म्हणाले होते, "तेल को काम करने दे." मागच्या एक्सलचा एक नट पाच रात्रींनंतर सुटला. कर्र असा बारीक आवाज झाला आणि पाना हातात हलका झाला. त्या आवाजानं दादा बाजेवरून उठून आले.

डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं. उजवं नेहमीसारखं सुटतं, डावं सुटायला उलट फिरवावं लागतं. यात कारण आहे: चालवताना पायाच्या दाबानं पायडलचा आस आपोआप सैल होण्याच्या दिशेनं सरकू बघतो, म्हणून दोन्ही बाजूंचे आटे असे ठेवलेत की सरकला तरी आवळतच जाईल. हे माहीत नसलेला माणूस डावं पायडल सोडवायला म्हणून जितका जोर लावेल तितकं ते घट्ट करत जातो.

कॉटरनं मात्र रडवलं. पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, मधल्या एक्सलवर एका तिरक्या तासलेल्या खिळीनं बसवलेला असतो. ती खिळी म्हणजे कॉटर. नट काढायचा आणि हातोडीनं ठोकून ती बाहेर काढायची, एवढंच. मी नट पूर्ण काढून थेट ठोकलं आणि कॉटरचं टोक फुलून भोकात अडकलं. चाचांनी फोनवर ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "नीचे क्या लगाया?" काहीच लावलं नव्हतं. क्रँकच्या खाली लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत टेकवायचा असतो, म्हणजे हातोडीचा घाव कॉटरवरच बसतो. तसं नसेल तर तो घाव एक्सलमधून आतल्या छऱ्यांवर, म्हणजे लोखंडी गोळ्यांवर, आणि त्या ज्यात फिरतात त्या वाट्यांवर जातो आणि त्यांच्यावर खड्डे पडतात. आणि नट टोकाच्या बरोबरीनं ठेवूनच ठोकायचं, म्हणजे आटे फुलत नाहीत. दुसरा कॉटर मी असा काढला, तीन घावांत. पहिला दुकानात नेऊन ड्रिल मारून काढावा लागला. त्याचे चाचांनी पन्नास रुपये घेतले. नवे कॉटर आणले तेही तसेच्या तसे बसत नाहीत. कानशीनं घासून माप जुळवावं लागतं, थोडं घासायचं, बसवून बघायचं, दोन्ही क्रँक एका रेषेत येतायत का बघायचं, परत घासायचं. यात एक सकाळ गेली आणि मला ती सकाळ फार आवडली.

मधला एक्सल बाहेर आला तेव्हा डब्यात वाळू पडली. खरोखरची, बारीक, करडी वाळू, ग्रीसमध्ये मिसळून काळी झालेली. तिच्यासोबत छर्रे. मी ते मोजले. दोन्ही बाजूंना पाव इंची, म्हणजे दोन सुताचे, अकरा-अकरा असायला हवेत. निघाले एकवीस, त्यातले तीन चपटे. ती वाळू मी चिमटीत घेऊन दादांना दाखवली. त्यांनी बोटांवर चोळून बघितली आणि म्हणाले, कालव्याला भगदाड पडलं की सायकल खांद्यावर घेऊन पाण्यातून पलीकडं जावं लागायचं, कधी पाणी मधल्या नळीच्या वर असायचं. एक रात्र त्यांनी सांगितली. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचलं नाही म्हणून दोघं भाऊ काठ्या घेऊन चारीवर उभे होते, आणि दादा सायकल आडवी टाकून मधल्या दारावर जाऊन बसले, दार कुणाला उचलू दिलं नाही, उजाडेपर्यंत. ही गोष्ट मी बेचाळीस वर्षांत कधी ऐकली नव्हती.

छर्रे कुठं किती आणि कोणत्या मापाचे, हे मी वहीत लिहून ठेवलं होतं. पुढच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, दीड सुताचे, एका बाजूला दहा. मागच्या हबमध्ये दोन सुताचे, एका बाजूला नऊ. जुन्यात नवे मिसळायचे नाहीत, कारण जुने झिजून बारीक झालेले असतात. सगळा भार नव्या चार-दोन छऱ्यांवर येतो आणि तेच आधी फुटतात. सगळे नवे आणले. वाट्या आणि कोन, म्हणजे एक्सलवरचे छऱ्यांना टेकणारे निमुळते नट, डिझेलनं धुऊन उन्हात तिरपे धरून बघायचे: छऱ्यांच्या वाटेवर चकचकीत पट्टा दिसला तर ठीक, खड्डे दिसले तर बदलायचं. पुढचे कोन ठीक होते, मागचा एक बदलला. मधल्या भागातली उजवीकडची वाटी मात्र काढूच नये. ती उलट्या आट्याची असते आणि न काढताही आत बोट घालून पुसता येते, चाचपता येते. ग्रीस भरपूर भरायचं, छर्रे त्यात रोवायचे, एक्सल आत सरकवायचा आणि वाटी हातानं थांबेपर्यंत आवळून किंचित मागं घ्यायची. "किंचित" म्हणजे किती, हे कुणी सांगू शकत नाही. एक्सल फिरवला तर खरखर नको आणि हलवला तर टकटक नको, या दोन्हींच्या मधली जागा बोटांना सापडावी लागते. मला ती पंधरा-वीस वेळा आवळून-सोडून सापडली.

मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीला, म्हणजे फ्रीव्हीलला, ग्रीस लावू नका. आतल्या खिट्ट्यांना चाचा कुत्ते म्हणतात. त्या बारीक स्प्रिंगवर उठतात-बसतात. ग्रीसनं त्या चिकटून बसतात आणि पायडल रिकामं फिरतं. डिझेलनं धुऊन, वाळवून, पातळ तेलाचे थेंब. त्याची टिकटिक परत ऐकू आली तेव्हा आईसुद्धा चुलीपासून बाहेर आली.

गंजाचं काम याच्या बरोबरीनं चालू होतं. सुटे भाग, म्हणजे नट-बोल्ट, दात असलेली मोठी चकती, ब्रेकच्या सळया, हँडल, यांच्यासाठी लिंबूसत्व वापरलं. किराणा दुकानात सायट्रिक ॲसिड म्हणूनही मिळतं. एका लिटर पाण्याला साठ ग्रॅम या हिशोबानं प्लास्टिकच्या टबात. पत्र्याचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं घ्यायचं नाही, ते त्याच ॲसिडात खाल्लं जातं. जस्ताचा मुलामा असलेला नट टाकला तर मुलामा जातो. संध्याकाळी टाकलं की बारीक बुडबुडे यायला लागतात, सकाळपर्यंत पाणी पिवळट-हिरवं होतं आणि लोखंडावर काळी साय धरते. ती दात घासायच्या जुन्या ब्रशनं निघते आणि खाली करडं, स्वच्छ लोखंड. गंज कोपऱ्याकोपऱ्यातून जातो, जिथं पॉलिश पेपर पोचतच नाही तिथूनही, आणि चांगलं लोखंड जागेवर राहतं.

यात खरी परीक्षा बाहेर काढल्यानंतर असते. ॲसिडातून काढलेलं लोखंड उघडं असतं. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, साध्या पाण्यानं धुवायचं, लगेच पुसून उन्हात ठेवायचं आणि गरम असतानाच तेल लावायचं. एकदा संध्याकाळी हँडल आणि सळया धुऊन मी ओट्यावर ठेवल्या, तेल सकाळी लावू म्हटलं. रात्री वळीव आला. सकाळी सगळं पुन्हा नारिंगी. दोन दिवसांचं काम परत करावं लागलं. त्यानंतर एकही भाग तेलाशिवाय रात्री बाहेर राहिला नाही.

हँडलचा आणि रिमचा चकचकीत मुलामा क्रोमचा. त्याला पॉलिश पेपर लावला तर कायमचे ओरखडे. तिथं पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची चांदी चुरगाळून, पाण्यात बुडवून घासायची. चांदी क्रोमपेक्षा मऊ, म्हणून ओरखडा पडत नाही, पण वरचा गंज निघतो. बारीक काळे ठिपके राहिले, कारण तिथं क्रोमच फुटून गेलेलं आहे. ते राहू दिले.

आता चाकांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझ्या सुट्टीतल्या सगळ्यात जास्त संध्याकाळी तिथं गेल्या आणि मला सगळ्यात जास्त तिथंच कळलं. या सायकलीच्या पुढच्या चाकात बत्तीस तारा आणि मागच्या चाकात चाळीस. पहिल्यांदा मोजल्यावर मला वाटलं माझंच चुकलं. पण बसणाऱ्याचं वजन, कॅरिअरवरचं पोतं, पायडलचा ओढ, सगळं मागच्या चाकावर. म्हणून तिथं आठ तारा जास्त. आमच्या मागच्या चाकातल्या सात तारा तुटलेल्या होत्या, सगळ्या हबजवळ, जिथं तार वाकून भोकातून जाते आणि ओल साचते तिथंच.

नव्या तारा एका धडधाकट जुन्या तारेच्या मापानं आणल्या. त्या घालणं सोपं: शेजारची जुनी तार कुठून कुठं जाते, कुणाच्या वरून आणि कुणाच्या खालून, ते बघून तसंच विणायचं. कठीण असतं आउट काढणं, म्हणजे फिरताना डुलणारी रिम सरळ करणं. सायकल उलटी उभी करायची नव्हती. म्हणून दोरीनं लिंबाच्या फांदीला टांगली. चाक फिरवायचं, नळीला हात टेकवून खडू रिमच्या अगदी जवळ धरायचा. जिथं रिम बाहेर आली असेल तिथं खडूची खूण उमटते. खूण उजव्या बाजूला असेल तर तिथल्या डाव्या हबकडं जाणाऱ्या तारा अर्धा आटा आवळायच्या, उजवीकडच्या तेवढ्याच सैल करायच्या. मग परत फिरवायचं. पहिल्या संध्याकाळी मी एक जागा सरळ केली आणि तिच्या समोरची वाकडी झाली. दुसऱ्या संध्याकाळी पूर्ण आटा फिरवण्याची घाई केली आणि चाक आठच्या आकड्यासारखं दिसायला लागलं. सगळ्या तारा सैल करून पहिल्यापासून.

तिसऱ्या दिवशी चाचा स्वतः आले. त्यांनी खडू बाजूला ठेवला आणि एकेक तार बोटानं छेडली. काही तारा टण्ण वाजत होत्या, काही भद्द. "पहले सब का सुर मिला, बाद में सीधा कर," म्हणाले. म्हणजे आधी ताण सारखा करायचा, मग रिम सरळ करायची. मागच्या चाकात फ्रीव्हीलकडच्या तारा किंचित चढ्या वाजतात, कारण तिकडं जागा कमी म्हणून त्या जास्त उभ्या आणि जास्त ताणलेल्या; दोन्ही बाजू एका सुरात आणायच्या नसतात, एका बाजूच्या सगळ्या आपसात मिळायला हव्यात. दादांना आता नीट दिसत नाही, पण ऐकू चांगलं येतं. ते खुर्ची घेऊन चाकाजवळ बसले. मी तार छेडायची आणि ते म्हणायचे, "ही ढिली हाय. पुढची चल. ही बी ढिली." चाळीस तारा, दोन संध्याकाळी. त्यानंतर खडू लावला तेव्हा रिम जवळजवळ सरळच होती.

सळईच्या ब्रेकमुळं आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. या ब्रेकचे रबर रिमला बाजूनं धरत नाहीत, आतल्या बाजूनं, हबकडून बाहेर दाबतात. म्हणून रिम डावी-उजवीकडं एखादं सूत हलली तरी चालतं, पण वर-खाली उड्या मारत असेल तर ब्रेक दर फेऱ्याला धरतो आणि सोडतो, आणि हँडलला हिसके बसतात. आधी गोलाई, नंतर सरळपणा. पुढचं चाक मी या क्रमानं केलं आणि एका सकाळी झालं.

चेन मोजली. नवी असेल तर चोवीस कड्यांचं अंतर बरोबर बारा इंच भरतं. आमची बारा इंच तीन सूत भरली. एक सूत वाढली तरी बदलावी, नाही तर ती चकतीचे दात खाते. बदलली. मोठ्या चकतीला चव्वेचाळीस दात, मागं अठरा. पायडलचा एक फेरा म्हणजे सुमारे साडेपाच मीटर रस्ता. भरावाच्या सपाट वाटेला तो हिशोब बरोबर जमतो. चढाला उतरून ढकलावी लागते, तेव्हाही लागायची.

रंगाबद्दल घरात बराच वाद झाला. भाऊ पुण्याहून फोनवर म्हणत होता, पावडर कोटिंग करून घे, नवी दिसेल. शेजारचे म्हणत होते, निदान काळा ऑइलपेंट मार. जिथं लोखंड खोल खाल्लेलं होतं, म्हणजे मागच्या खालच्या नळ्या, स्टँड आणि मडगार्डची आतली बाजू, तिथं मी रेड ऑक्साइडचा हात देऊन वर काळा रंग लावला. बाकी सांगाड्याला जवसाचं तेल. जेवणातलं नाही, रंगाच्या दुकानात उकळलेलं मिळतं ते. ते लवकर वाळतं. जवसाचं तेल हवेत वाळून पातळ, कडक पापुद्रा धरतं, म्हणूनच ते रंगात घालतात. फडक्यानं अगदी पातळ लावायचं आणि जास्तीचं पुसून घ्यायचं, नाही तर चिकट राहतं. दोन हात दिले, मध्ये आठ दिवस. उघड्या लोखंडाचा रंग मधासारखा झाला आणि जुना काळा रंग खोल दिसायला लागला. एक जपायचं: या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. वाळताना ती आतून तापतात आणि ढीग असेल तर आपोआप पेट घेतात. गोठ्याशेजारी कडबा असताना तर मुळीच नाही. मी ती एकेक करून तारेवर पसरून वाळवली आणि मग पाण्यात भिजवून पुरली.

दांडीवरच्या फावड्याच्या पट्ट्यालाही फक्त तेल. पुसलेली सोनेरी रेघ मी परत काढली नाही.

सीटचं कातडं उंदरांनी खाल्लेलं होतं. स्प्रिंग चांगल्या होत्या. मानवतला चपला शिवणाऱ्या काकांनी जुन्या मापानं नवं कातडं बसवून दिलं. टायर-ट्यूब सहज मिळाले, अठ्ठावीस-दीडचं माप आमच्याकडं अजून दुकानात लटकलेलं असतं, कारण दूधवाले आणि कामगार अजून काळी सायकलच वापरतात. सगळा खर्च तेवीसशेच्या आसपास गेला. व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी मात्र विसरले होते. दादांनी आतल्या खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून कागदात गुंडाळलेला बोटभर तुकडा दिला. रबर वाळून चिरलेलं होतं. मी नवा आणला आणि तो तुकडा त्यांना परत दिला. त्यांनी तसाच गुंडाळून पाकिटात ठेवला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी आम्ही सायकल कालव्यावर नेली. कालवा कोरडा होता, तळाशी शेवाळाचा वाळका थर, भरावावर बाभळीची सावली. मी सीटवर बसले आणि दीड-दोन किलोमीटर पुढच्या दारापर्यंत जाऊन आले. ब्रेक लागत होते, चाक सरळ होतं, फ्रीव्हील टिकटिकत होतं. परत आले तेव्हा दादांनी हँडल माझ्या हातातून घेतलं. चढले नाहीत, हातात धरून चालायला लागले, मी मागून. ते नेहमी जसे चालायचे तसे, डावा हात हँडलवर, उजवा सीटवर. दहा-बारा पावलांवर थांबले. सायकल किंचित मागं-पुढं केली, कान खाली नेला.

"मागला कोन अर्धा आटा सैल हाय."

मला चालवताना काहीच जाणवलं नव्हतं. वाकून रिम धरली, आडवी हलवली. अगदी बारीक टक् झालं. पिशवीतून चाचांचा पाना काढला, एक्सलचा नट सोडला. दादांनी सायकल सीटला धरून उभी ठेवली.

"आवळ. आनखी. बास. आता जरा मागं घे."